न दिसण्याचा पुरावा

तर्कशास्त्राच्या वर्गात पस्तीस वर्षे मी डोंगरावरचा धूर दाखवून अग्नी सिद्ध करीत आलो. विद्यार्थ्यांनाही त्यात अवघड असे काही वाटत नसे. धूर आहे म्हणून अग्नी आहे. स्वयंपाकघरात असतो तसा. परंतु जो धूर कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि चार जाणती माणसे बघायला आली की हमखास नाहीसा होतो, त्याच्यावरून काय सिद्ध करायचे? हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. तो मला निवृत्तीनंतर, बेळगावच्या उद्यमबागेकडच्या एका गॅरेजात भेटला.

गॅरेज अण्णांचे. अण्णा घरी मराठी बोलतात, स्पेअर पार्टवाल्यांशी हिंदी, निम्म्या गिऱ्हाइकांशी कानडी आणि इंजिनाशी बहुधा कोणत्याच भाषेत नाही. मला तेथे काही काम नसते. एक लाकडी स्टूल आहे, संध्याकाळी चहा असतो आणि ज्ञानाविषयी जे प्रश्न मी फळ्यावर लिहीत असे ते तेथे तेलकट हातांनी सोडवलेले पाहायला मिळतात, एवढाच माझा स्वार्थ.

अण्णांच्या मते गाडीचे आजार दोनच प्रकारचे. एक उभा आजार, म्हणजे गाडी बंद पडली ती पडलीच. तो सोपा, कारण तो पळून जात नाही. दुसऱ्याला त्यांनी कानडी नाव ठेवले आहे, ‘ओम्मोम्मे’. मराठीत आपण कधीकधी म्हणतो, अधूनमधून म्हणतो, कानडीत ओम्मोम्मे. आपल्या दोन्ही भाषांनी हा अर्थ सांगताना शब्दाला दुप्पट केले आहे, हे माझ्या अलीकडेच लक्षात आले. बरोबरच आहे. एकदा घडलेली गोष्ट अधूनमधून घडते असे म्हणता येत नाही. किमान दोनदा घडावी लागते, आणि मध्ये न घडण्याचा काळ असावा लागतो. सारी अडचण त्या मधल्या काळाची आहे.

ज्या गाडीवरून हे सारे निघाले ती रानवाटेची, चारही चाकांना ओढ असलेली, ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी. मालकांचे जांबोटीच्या पलीकडे, कणकुंबीच्या अंगाला पाहुण्यांसाठी घर आहे. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा मुलूख. तिथला पाऊस बेळगावकरांनाही पाऊस वाटतो, यावरून काय ते समजावे. पाहुण्यांना रानात नेणे-आणणे हे त्या गाडीचे काम. तिच्या पाटीवर गिअरबॉक्सचा पिवळा दिवा अधूनमधून लागे, आणि दिवा लागला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसे. बंद करून पुन्हा चालू केली की सुतासारखी सरळ.

अशा वेळी आत काय घडते, हे थोडे सांगायला हवे. गिअरबॉक्सच्या अंगाला बाहेरून एक स्विच असतो. दांडी पार्कमध्ये आहे, रिव्हर्समध्ये, न्यूट्रलमध्ये की ड्राइव्हमध्ये, हे तो तीन-चार तारांवरून कंट्रोल युनिटला कळवतो. कुठल्या तारेत वीज आहे आणि कुठल्या तारेत नाही, याची प्रत्येक जागेसाठी एक ठरलेली जुळणी असते. बाराखडीच म्हणा ना. या बाराखडीत नसलेले अक्षर आले की युनिट अंदाज बांधत बसत नाही. ते सरळ अविश्वास जाहीर करते, दिवा लावते आणि गिअरबॉक्सला तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये खिळवून ठेवते. गाडी कशीबशी घरी पोचावी पण आतली मोडतोड होऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. मात्र चोर्ला घाटाच्या चढावर, मागे सहा पाहुणे आणि समोरून ट्रक असताना गाडीने अशी सावधगिरी दाखवली, तर ड्रायव्हरला त्या हेतूचे कौतुक करायला सवड नसते.

डांबरी रस्त्यावरच्या गाडीत हा स्विच सुखाने नांदतो. रानातल्या गाडीत त्याच्यावर चिखल उडतो, ओढ्याचे पाणी चढते आणि दिवसभराच्या हादऱ्यांनी कपलरमधल्या पिना एकमेकींवर केसभर घासत राहतात. कथिलाचा मुलामा असलेल्या पिनांवर या घासण्याने न दिसणारा गंज धरतो. तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात उतरला की त्यातली हवा आकसते आणि हवेची नळी पुरेशी उंच नेलेली नसली तर पाणी आत ओढले जाते. बरे, दिवा या एकाच कारणाने लागतो असेही नाही. बॅटरी मरगळली असेल, अर्थिंग ढिले असेल, वेग मोजणारा सेन्सर मध्येच मुका होत असेल, तरी हाच दिवा. १९९६ साली आलेल्या एका जर्मन गिअरबॉक्समध्ये तर आतले तेल वायरच्या वेष्टनातून केशाकर्षणाने चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचत असे आणि माणसे युनिट बदलत बसत. म्हणून अण्णा नेहमी आधी बॅटरी आणि अर्थिंग बघतात, मग तारा, आणि महागाच्या डब्याला सर्वांत शेवटी हात लावतात. तारा पाहतानाही नुसत्या मीटरवर त्यांचा भरवसा नाही. दहा तंतू तुटून एकच उरला असला तरी मीटर तार शाबूत म्हणून सांगतो. अण्णा दोन्हीकडचे कपलर काढून त्या तारेवर हेडलाइटचा जुना बल्ब पेटवून बघतात. एका तंतूवर तो पेटत नाही.

या गाडीचा इतिहास मात्र उलटा होता. ती तीन वेळा एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपात जाऊन आली होती. पहिल्या दोन्ही खेपांना तिला कॉम्प्युटर जोडला गेला, जुनी नोंद पुसली गेली, गाडी फिरवून पाहिली गेली, आणि कागदावर शेरा पडला, दोष आढळला नाही. तिसऱ्या खेपेला नवे कंट्रोल युनिट बसवून लाखाच्या आतबाहेर बिल झाले. आठव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

नोंद पुसण्याबद्दल थोडे. युनिट आपल्या स्मरणात एक आकडा ठेवते. पी ०७०५ हा त्यांतला एक. गिअरची जागा सांगणाऱ्या मंडलात गडबड आहे, इतकेच तो सांगतो. स्विच खराब की तार खराब की कपलर, हे तो सांगत नाही. तरीही दिवा लागला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, अशी काही टिपणे पुष्कळ गाड्यांत त्या आकड्याबरोबर जपलेली असतात. अमेरिकेत १९९६ पासून सर्व मोटारींना सक्तीच्या झालेल्या निदानपद्धतीत तर दोषालाही मुदतीचा कायदा आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा आपोआप मालवतो, आणि इंजिन तापण्याच्या चाळीस फेऱ्या निर्वेध गेल्या की नोंदही पुसली जाते. यंत्राने चाळीस फेऱ्या थांबावे आणि माणसाने पहिल्याच भेटीत बटण दाबून स्मृती कोरी करावी, याचे मला आश्चर्य वाटते. साक्षीदाराची जबानी घेतली, आणि जाताना तीच फाडून टाकली.

मालक अण्णांकडे आले ते गाडी विकायची म्हणून. म्हणाले, “दिवा तेवढा बंद करून द्या. घेणाऱ्याला उगीच शंका नको.”

अण्णा म्हणाले, “दिव्याची तार काढायला पाच मिनिटं लागतील. पण ते काम माझ्या गॅरेजात होणार नाही. दोष काढायचा असला तर गाडी ठेवा, आणि ड्रायव्हरला पाठवून द्या.”

“ड्रायव्हर कशाला? त्याचंच तर सगळं कारस्थान आहे.”

कारस्थान म्हणजे असे. कॉम्प्युटरला दोष दिसत नाही, युनिट नवे घातले तरी दिवा लागतो, त्या अर्थी गाडी चालवणाराच तिला कुठेतरी आपटत असणार, किंवा पावसात रानात जायला नको म्हणून दिव्याची सबब सांगत असणार. अशा तर्काने मालकांनी त्याच्या पगारातून दरमहा दोन हजार याप्रमाणे तीन महिने कापले होते. हेत्वाभासाचे उदाहरण म्हणून हे मी वर्गात घेतले असते. गॅरेजात ते ऐकताना मात्र चहा कडू लागला.

ड्रायव्हर खानापूर तालुक्यातलाच, तिशीच्या आतला, कानडी बोलणारा. अण्णांनी त्याला बसवले, चहा दिला आणि “हेळप्पा” म्हणून सांगायला सांगितले. “ओम्मोम्मे बर्तैति, अण्णा,” त्याने सुरुवात केली. कधीकधी येतो. अण्णांनी त्या कधीकधीला धरून अर्धा-पाऊण तास त्याला सोडले नाही. निघाले ते असे. दिवा लागतो तो बहुतेक सकाळी. ओढ्यात असताना नाही, तर ओढा ओलांडून दहाएक मिनिटांनी, चढावर. दिवसभर पाऊस असला तर केव्हाही. चैत्र-वैशाखात एकदाही नाही. दुपारच्या उन्हात कधीच नाही. वर्कशॉपात नेताना गाडी आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवलेली असे आणि मग तापल्या इंजिनाने हमरस्त्यावरून चार तास.

“हे मालकांना का नाही सांगितलंस, तम्मा?”

मालक विचारतात दिवा लागला का, तो म्हणाला. केव्हा लागतो, ते कुणी विचारलेच नाही.

गाडीचे पुस्तक इंग्रजीत, स्कॅनरचा पडदा इंग्रजीत, वर्कशॉपातला संवाद हिंदीत, मालकांची तक्रार मराठीत, आणि दोषाचे संपूर्ण वर्णन कानडीत. आपल्या भागात राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. दोन भाषा येणे म्हणजे दोन भाषांत बोलता येणे अशी आपली समजूत असते. दोन भाषांत ऐकून घेणे हा तिचा अवघड अर्धा भाग आहे.

तर दोष खोटा नव्हता. तो वाळून येत होता. वैद्याच्या दारात पोचेपर्यंत रोज बरा होणारा रोगी.

आपल्या दर्शनांत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला आहे. नैयायिक चार प्रमाणे मानतात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कुमारिल भट्टाच्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी त्याखेरीज अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कसे कळते? घट दिसत नाही म्हणून. पण लगेच त्यांनी एक अट घातली, की ही अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घट असता तर जिथे आणि ज्या उजेडात तो दिसलाच असता, तिथे आणि त्या उजेडात तो दिसला नाही, तरच तो नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही यावरून पिशाच नाही असेही सिद्ध होत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगे आहे असे कुणी म्हटलेले नाही. (भुताखेतांवर विश्वास नसलेल्या वाचकांनी रागावू नये, हे उदाहरण जुन्या तर्कग्रंथांतलेच आहे.)

कोरड्या, तापलेल्या, धुतलेल्या गाडीत दोष आढळला नाही, ही अयोग्य अनुपलब्धी. खोटे कुणीच बोलले नव्हते. दोष दिसला नव्हता हे अक्षरशः खरे होते. पण ‘दिसला नाही’ हे वाक्य ‘कुठे, केव्हा आणि कोणत्या स्थितीत पाहिले’ याच्याशिवाय लिहिले, की वाचणारा त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतो, आणि तो तसा घेणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. इथे अज्ञानाचा प्रश्न संपून नीतीचा सुरू होतो असे मला वाटते. विमानांच्या देखभालीतही ‘नो फॉल्ट फाउंड’ हा एक रूढ शेरा आहे आणि त्याने तिथल्या अभियंत्यांची झोप उडवलेली आहे, कारण तोच सुटा भाग पुन्हा विमानात बसतो, आणि वर पुन्हा रुसतो. हृदयाच्या डॉक्टरांना हा धडा आधीच मिळाला. दवाखान्यात काढलेल्या काही सेकंदांच्या आलेखात चुकणारा ठोका सापडेलच असे नाही, म्हणून होल्टरचे यंत्र रोग्याच्या छातीला बांधून त्याला चोवीस तास त्याच्या नेहमीच्या आयुष्यात हिंडू देतात.

अण्णांनी ओढ्याला न जाता ओढा गॅरेजात आणला. झाडांना औषध मारायच्या पंपात साधे पाणी भरले, गाडी चालू ठेवून एका पोऱ्याला ब्रेकवर बसवले, दुसऱ्याला स्कॅनरच्या पडद्यापुढे, आणि स्वतः खाली जाऊन बॅटरीपासून मागे येत एकेका कपलरवर फवारा मारून हाताने हलवत गेले. गिअरबॉक्सच्या स्विचचा कपलर आला. पडद्यावर ड्राइव्हचे अक्षर होते. ते गेले, आले, पुन्हा गेले, आणि पिवळा दिवा लागला. कपलर उघडला तर रबराची गोल सीट एका बाजूला चेपलेली आणि एका पिनेवर हिरवट थर. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की जसे कळकते, तसे.

कपलर आणि सीट नवे घातले. पुन्हा पाणी मारले. दिवा नाही. मालक खिशात हात घालून बिल विचारू लागले. आणि अण्णांनी नवा कपलर काढून जुना, कळकलेला पुन्हा बसवला.

“अहो, सापडलं ना? मग हे काय?”

पाणी मारले, दिवा लागला. मग जुना काढला आणि नवा कायमचा बसवला. मालकांना तो वेळेचा अपव्यय वाटला. हे आहे तर ते आहे, हे नाही तर ते नाही, या दोन्ही बाजू पडताळल्याशिवाय कार्यकारण ठरवू नये, याला आपले जुने लोक अन्वय-व्यतिरेक म्हणत. अण्णांना हे शब्द माहीत नाहीत. मला माहीत आहेत, पण मी आयुष्यात एकदाही बसवलेला चांगला कपलर काढून वाईट बसवून पाहिलेला नाही.

जॉबकार्डावर त्यांनी लिहिले ते मी वाचून घेतले. कपलर बदलला. पाणी मारून पाहिले, दिवा नाही. जुना लावून पाहिले, दिवा आला. स्विच उघडलेला नाही. पुढील पावसाळ्यात पुन्हा पाहणे. यातले ‘स्विच उघडलेला नाही’ हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. काय पाहिले नाही, हे डॉक्टर, हिशेबतपासनीस, परीक्षक, संपादक, सगळ्यांनीच लिहायला हवे, पण ते लिहायला हात धजत नाही, कारण फी पाहिल्याची घेतलेली असते.

राहता राहिला ड्रायव्हर.

यंत्र निर्दोष ठरले की दोष माणसाकडे सरकतो, हे इंग्लंडात फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या पोस्टखात्याने १९९९ पासून गावोगावच्या पोस्ट कार्यालयांत होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. तिच्यात अधूनमधून तूट दिसू लागली. पोस्ट चालवणारी साधी माणसे सांगत होती की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. प्रणालीत दोष नाही, असे त्यांना सांगण्यात आले. अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे, असेही अनेकांना सांगण्यात आले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात म्हटले, आणि सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. आमच्या ड्रायव्हरचे प्रकरण त्यापुढे सहा हजार रुपयांचे. पण तर्क तोच आहे, आणि ज्याचे घर महिन्याच्या पगारावर चालते त्याला सहा हजार लहान नसतात.

मी मालकांकडे विषय काढला. ते म्हणाले, “सर, त्या वेळी मला जे सांगितलं गेलं त्यावर मी प्रामाणिकपणे विश्वास ठेवला. त्यात माझं काय चुकलं?”

हे बोलणे टाकाऊ नाही. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाले आहे, लोक शंका घेतात, त्यालाही धाकधूक आहे. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, असे मनाला समजावत तो शेवटी खरोखरच निश्चिंत होतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो की त्याची श्रद्धा प्रामाणिक होती यावरून तो सुटत नाही, कारण हाती होता तेवढ्या पुराव्यावर तसे मानण्याचा त्याला अधिकार नव्हता. पुढे जाऊन, जहाज तरले असते तरी तो तितकाच दोषी, असेही तो म्हणतो. विल्यम जेम्सने १८९६ मध्ये त्याला उत्तर दिले, की काही बाबतींत पुरेसा पुरावा येईपर्यंत थांबणे हाच एक निर्णय असतो आणि तोही महाग पडू शकतो. जेम्सचे म्हणणे मला देवाधर्मापुरते, लग्नापुरते, मैत्रीपुरते पटते. दुसऱ्याच्या पगाराला हात घालताना मी क्लिफर्डच्या बाजूचा आहे. मालकांना वर्कशॉपावर विश्वास ठेवायचा अधिकार होता, असे मी फार तर म्हणेन. ड्रायव्हरवर अविश्वास ठेवण्याचा वेगळा पुरावा त्यांच्याकडे कुठे होता? ‘गाडीत दोष दिसला नाही’ आणि ‘हा माणूस खोटे बोलतो’ या दोन वाक्यांमध्ये जी दरी आहे ती त्यांनी न बघता ओलांडली, आणि ओलांडताना भार पडला तो तिसऱ्याच्याच खिशावर.

हे सगळे मी त्यांना इतक्या शब्दांत सांगितले नाही. एक-दोन वाक्ये बोललो. त्यांनी ऐकून घेतले. माणूस वाईट नाही. गाडी त्यांनी विकली नाही, ड्रायव्हरही ठेवला, आणि गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या दिवशी त्याच्या हातात एक पाकीट दिले. वर लिहिले होते, ‘दिवाळीची पोस्त’. आत सहा हजार रुपये होते.

नरकचतुर्दशीनंतर तो फराळाचा डबा घेऊन अण्णांकडे आला तेव्हा मी स्टुलावर होतोच. पाकिटाची हकिगत त्याने सांगितली. मग म्हणाला, दरवर्षी पोस्त हजार रुपये असते. हे सहा हजार तर माझेच होते. मग अण्णा, यंदाची पोस्त कुठे गेली?